नेहमीचा आकडा

कसंही बसा. मांडी घालून, खुर्चीत, खाटेवर. पुढचा थोडा वेळ घाई नको, एवढंच. डोळे मिटायचे नाहीत, कारण आपल्याला एका आकड्याकडे पाहायचं आहे आणि तो आकडा आपल्या गावातला नाही.

जपानच्या फुकुशिमा प्रांतात शाळांच्या मैदानांवर, बालवाड्यांच्या दाराशी, बागांमध्ये, नगरपालिकांच्या आणि समाजमंदिरांच्या आवारात एक उपकरण उभं असतं. 2011 च्या अणुदुर्घटनेनंतर त्या एका प्रांतात अशी सुमारे 3,000 उपकरणं बसवली गेली. वर सोलर पॅनेल, आत बॅटरी, किरणोत्सर्ग टिपणारा शोधक आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा आकड्यांचा फलक. शाळेत जाणारं मूल त्याच्याजवळून जातं. दाखला काढायला आलेली बाई त्याच्याजवळून जाते. बहुतेक जण मान वळवत नाहीत.

आपण वळवू. फलकावर शून्य आहे, मग टिंब, मग तीन आकडे. समजा, 0.112. शेजारी एकक लिहिलेलं आहे: तासाला मायक्रोसीव्हर्ट. सीव्हर्ट हे स्वीडनच्या रोल्फ सीव्हर्ट या शास्त्रज्ञाच्या नावाचं एकक आहे. किरणोत्सर्गाने शरीरावर किती भार पडतो, याचा अंदाज त्यात बांधलेला असतो. मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग. अर्थात फलकावरचा आकडा दहा लाखाव्या भागाचाही अंश आहे. तो वाचा. लगेच चांगला की वाईट असं ठरवू नका. मनाला तशी सवय असते. आकडा दिसला की ते आधी निकाल मागतं. निकाल थोडा थांबू द्या.

आधी एक साधा प्रश्न धरून बसू. हा आकडा शून्य का नाही?

उजवा हात उताणा करून मांडीवर ठेवा. अंतराळातून येणारे वेगवान कण वातावरणाच्या वरच्या थरांतल्या हवेवर आदळतात, त्या आदळण्यातून नवे कण जन्मतात आणि त्यांतले म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक. तुमच्या तळहाताच्या क्षेत्रफळाचा हिशोब केला तर सेकंदाला एखादा. छत, स्लॅब, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, या सगळ्यांतून तो आरपार येतो आणि हातातून खाली फरशीत निघून जातो. काहीच जाणवत नाही. जाणवावं असा प्रयत्नही करू नका. तो जातो आहे, हे फक्त माहीत असू द्या. आत्ता. आणि आत्ता.

मग लक्ष हातावरून आत न्या. आपल्या स्नायूंना पोटॅशियम लागतं, त्याशिवाय हृदयाचा ठोकाही पडत नाही. निसर्गातल्या पोटॅशियममध्ये अगदी थोडा अंश किरणोत्सारी असतो, पोटॅशियम-40. पृथ्वी घडली तेव्हापासूनचा. मोठ्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे 4,000 असे अणू विघटन पावतात. भाजीतून, दुधातून, केळ्यातून पोटॅशियम येत राहतं, शरीर जास्तीचं बाहेर टाकतं आणि प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. तुमच्या आजीच्या शरीरातही हेच चालू होतं, बाळाच्या शरीरातही चालू आहे. किरणोत्सर्ग म्हटलं की आपल्याला तो बाहेरून येणारा, परका, कुणीतरी सोडलेला असा वाटतो. त्यातला काही भाग आपण स्वतःच आहोत. या वाक्यापाशी हवा तेवढा वेळ थांबा.

आता जमिनीकडे. खडकांत युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असतं. कुठे कमी, कुठे जास्त. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण या बाबतीत गरीब आहे. त्या बेसॉल्टमध्ये ही मूलद्रव्यं थोडी, म्हणून दख्खनच्या पठारावर जमिनीतून येणारा किरणोत्सर्गही थोडा. साताऱ्याहून हैदराबादला नोकरीला गेलेल्या माणसाच्या पायाखालचा दगड बदलतो, तिथे ग्रॅनाइट आहे आणि मोजमाप केलं तर आकडा चढलेला दिसतो. केरळात चवरा आणि करुनागपल्लीच्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूत मोनाझाइट आहे, त्यात थोरियम. तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग जगातल्या सर्वाधिक नैसर्गिक किरणोत्सर्गांपैकी गणला जातो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या कोळ्यांची वस्ती आहे, आणि करुनागपल्लीत हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासाला त्या किरणोत्सर्गामुळे कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. या गोष्टीचा अर्थ जपून लावावा. एका किनाऱ्यावर वाढ आढळली नाही म्हणून कुठेही काहीही चालेल, असं त्यातून निघत नाही. एवढंच निघतं की आकडा पाहिल्या पाहिल्या घाबरायचंही कारण नाही.

अवकाश, जमीन, श्वासातून आत जाणारा रेडॉन वायू आणि अन्न, हे सगळं धरून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतो. मिलिसीव्हर्ट म्हणजे 1,000 मायक्रोसीव्हर्ट. या सगळ्याला पार्श्वभूमी म्हणतात. ज्याच्यासमोर बाकी सगळं दिसतं, ती.

ही पार्श्वभूमी आहे हेच मुळात कळलं कसं? त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण तीही एका सार्वजनिक वास्तूवर घडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञ समजत होते की हवेत जो थोडा विद्युतभार सतत आढळतो तो जमिनीतल्या किरणोत्सारी द्रव्यांमुळे. टेओडोर वुल्फ नावाच्या जेझुइट पाद्र्याने एक नाजूक पण हलवता येईल असा विद्युतमापक तयार केला आणि 1910 साली तो घेऊन पॅरिसच्या आयफेल टॉवरवर गेला. जमिनीपासून 300 मीटरवर जमिनीचा प्रभाव जवळजवळ संपायला हवा होता. वाचन कमी झालं, पण अपेक्षेइतकं मुळीच नाही. काहीतरी वरूनही येत होतं. दोन वर्षांनी, 1912 मध्ये, ऑस्ट्रियाचा व्हिक्टर हेस फुग्यात बसून 5,000 मीटरच्या वर गेला तर आकडा चढायलाच लागला. त्या शोधाला 1936 चं नोबेल मिळालं. वुल्फचं मोल मला हेसपेक्षा कमी वाटत नाही. टॉवरवर ठरल्याप्रमाणे न आलेलं वाचन त्याने उपकरणाचा दोष म्हणून झटकून टाकलं नाही, जसं आलं तसं मांडलं.

आता पुन्हा फलकाकडे या. आकडा बदलला का पाहा. 0.112 चा 0.115 झाला असेल, मग 0.109. शोधकावर कण थेंबाथेंबाने पडतात, सारखे पडत नाहीत. म्हणून आकडा थोडा इकडे तिकडे हलत राहतो. हे हलणं बिघाड नाही. उलट एकाच आकड्यावर दिवसभर गोठलेला फलक दिसला तर शंका घ्यावी.

आता मनात पाऊस आणा. पाऊस आला की पुष्कळदा आकडा चढतो. जमिनीतून वर आलेल्या रेडॉनचे वंशज, शिसं आणि बिस्मथ यांची किरणोत्सारी रूपं, हवेत धुळीला चिकटून तरंगत असतात. पाऊस त्यांना धुऊन खाली आणतो. त्यांचं आयुष्य जेमतेम अर्ध्या तासाच्या हिशोबातलं, त्यामुळे पाऊस थांबला की एकदोन तासांत आकडा पुन्हा आपल्या जागी येतो. बर्फ पडला की उलट होतं. बर्फाचा थर जमिनीतून येणारे किरण अडवतो, आकडा उतरतो आणि वसंतात बर्फ वितळला की परत चढतो. फुकुशिमाच्या हिवाळ्यात हे दरवर्षी घडतं. पाऊस नुकताच येऊन गेला आहे हे माहीत नसलेला माणूस चढलेला आकडा पाहून दचकेल. बर्फाचं माहीत नसलेला माणूस उतरलेला आकडा पाहून निश्चिंत होईल. दोघांचंही चुकेल.

म्हणून मला वाटतं, एखाद्या इमारतीपाशी मोजायचं तर ते वर्षानुवर्षं मोजावं, काही घडत नसताना मोजावं. लेकराच्या अंगाचा रोजचा स्पर्श ज्या हाताला ठाऊक असतो त्याच हाताला ताप कळतो. निरोगी दिवसांची नोंद ही फुकट गेलेली नोंद नसते. आजारपणाला अर्थ तिच्यामुळेच येतो.

इथे एक लांब श्वास घ्या. पुढचा भाग जड आहे.

11 मार्च 2011. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी समुद्रात 9.0 तीव्रतेचा भूकंप झाला. मग त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्राची वीज गेली. गाभे थंड ठेवता आले नाहीत. 12 तारखेला पहिल्या अणुभट्टीच्या इमारतीत हायड्रोजनचा स्फोट झाला, 14 तारखेला तिसऱ्या, 15 तारखेला चौथ्या. केंद्राभोवती प्रांताची 24 मोजमाप ठाणी होती, असंच काही होईल तर कळावं म्हणून बसवलेली. काही पाण्याने नेली. बाकीच्यांची वीज तरी गेली किंवा दूरसंचाराच्या तारा तरी तुटल्या. 24 पैकी 23 मुकी झाली.

या गोष्टीपाशी बसायचं आहे. पुढे काय झालं ते ठाऊक आहे, तरी थोडा वेळ फक्त इथेच. वारा वाहतो आहे. तो रोजच्यासारखा दिसतो, त्याला वास नाही, रंग नाही. नामिए गावच्या लोकांना बाहेर पडायला सांगितलं आणि ते डोंगरातल्या त्सुशिमा भागात गेले, केंद्रापासून लांब. शाळांत, सभागृहांत, ओळखीच्या घरांत दाटीवाटीने राहिले. बाहेर मुलं खेळली, बायकांनी स्वयंपाक केला. किरणोत्सर्गाचा लोट कुठे जाईल याचा अंदाज बांधणारी सरकारी संगणक प्रणाली होती, पण तिचे निष्कर्ष त्या लोकांपर्यंत वेळेवर पोचले नाहीत. लोट त्सुशिमाच्याच दिशेने गेला. अंतर मोजून सुरक्षित वाटलेली जागा वाऱ्याच्या वाटेवर होती.

15 तारखेला वारा वायव्येकडे फिरला आणि संध्याकाळी त्या पट्ट्यात पाऊस नि बर्फ पडला. हवेत होतं ते जमिनीवर आलं. केंद्रापासून 60 किलोमीटरवर, फुकुशिमा शहरातल्या प्रांतिक आरोग्य कार्यालयाच्या वाहनतळावर तेव्हा मोजमाप सुरू होतं. त्या संध्याकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी तिथे आकडा आला तासाला 24.24 मायक्रोसीव्हर्ट.

मला तो वाहनतळ डोळ्यांसमोर येतो. सरकारी कचेरीपुढची डांबरी मोकळी जागा, आपल्याकडे तहसील कचेरीपुढे असते तशीच. ओली संध्याकाळ. आणि या आकड्याला अर्थ कशाने आला, ते पाहा. त्याच शहराची नेहमीची पातळी तासाला 0.04 मायक्रोसीव्हर्ट होती आणि ती नोंदलेली होती. तिच्याशी भागलं तर सहाशे पट. 0.04 माहीत नसतं तर 24.24 हा फक्त एक आकडा होता. मोठा की लहान, सांगता आलं नसतं. ज्यांनी आधीची कितीतरी वर्षं कंटाळवाणं 0.04 लिहून ठेवलं त्यांची नावं कुणाला ठाऊक नसतील. मनातल्या मनात त्यांना नमस्कार करावासा वाटतो. करा.

एप्रिलमध्ये शाळा सुरू व्हायच्या होत्या. इथे आकड्याचा निर्णय होतो, आणि निर्णयात काय काय दडलेलं असतं ते सावकाश उलगडून पाहणं हाही मननाचाच भाग आहे. 19 एप्रिलला जपानच्या शिक्षण मंत्रालयाने शाळेच्या मैदानासाठी तासाला 3.8 मायक्रोसीव्हर्ट ही मर्यादा दिली. ही आली कुठून? वर्षाला 20 मिलिसीव्हर्टवरून. मूल 8 तास बाहेर आणि 16 तास घरात असतं असं धरलं. घरात भिंतींमुळे बाहेरच्या 40 टक्केच पोचतं असं धरलं. मग 8 अधिक 16 च्या 40 टक्के म्हणजे 6.4, एकूण 14.4. त्याला 3.8 ने आणि 365 ने गुणा. 20,000 मायक्रोसीव्हर्टला थोडं कमी येतं. म्हणजे 20 मिलिसीव्हर्ट.

गणित बरोबर आहे. पण त्यात एक मूल आहे, ते दिवसाचे 8 तास बाहेर असतं, लाकडी जपानी घरात झोपतं आणि त्याच्यासाठी कुणीतरी 20 हा आकडा निवडला आहे. आयांचा प्रश्न गुणाकाराबद्दल नव्हता, 20 बद्दल होता. साध्या काळात सामान्य नागरिकासाठी वर्षाला 1 मिलिसीव्हर्ट ही मर्यादा मानली जाते आणि लहान मुलांचं शरीर किरणोत्सर्गाला जास्त हळवं असतं. पंतप्रधानांचे सल्लागार असलेले किरणसुरक्षेचे प्राध्यापक तोशिसो कोसाको यांनी एप्रिलच्या शेवटी राजीनामा दिला; लहान मुलांना ही मर्यादा लावणं आपल्याला मान्य नाही, असं सांगताना त्यांना पत्रकारांसमोर रडू आवरलं नाही. कोरियामा शहराने मंत्रालयाची वाट न पाहता 27 एप्रिलपासून शाळांच्या मैदानांची वरची माती खरवडायला सुरुवात केली. मेच्या अखेरीस मंत्रालयाने शाळेत 1 मिलिसीव्हर्टचं लक्ष्य ठेवू, माती काढायचा खर्च देऊ, असं जाहीर केलं.

त्या 1 मिलिसीव्हर्टचाही हिशोब त्याच पद्धतीने होतो: 0.19 गुणिले 14.4 गुणिले 365. त्यात निसर्गाचे मूळचे 0.04 मिळवले की 0.23. फुकुशिमात पुढे हा आकडा घराघरात पाठ झाला. माती काढायची की नाही, या प्रश्नाचं उत्तर त्याच्यावर ठरू लागलं. पाहा, त्या जुन्या 0.04 शिवाय 0.23 सुद्धा बनत नाही.

आणखी एक गोष्ट, छोटी पण माझ्या मते फार मोलाची. त्या मैदानांवर बालवाडी आणि प्राथमिक शाळेत जमिनीपासून 50 सेंटिमीटरवर मोजायचे, वरच्या शाळांत 1 मीटरवर. लहान मूल जमिनीच्या जवळ असतं. मनात उठा, त्या मैदानावर गुडघे टेका, आणि तुमचं डोकं पहिलीतल्या मुलाच्या उंचीला आणा. ज्याच्यासाठी मोजायचं त्याच्या उंचीवर उपकरण न्यायचं, हे मला विज्ञानातलं वात्सल्य वाटतं.

आता त्या उपकरणाच्या खांबाकडे जरा कठोर नजरेने पाहू. विश्वास ठेवायचा तर पारखून ठेवावा. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये मंत्रालयानेच सांगितलं की शेकडो खांब प्रत्यक्षापेक्षा सुमारे 10 टक्के कमी आकडा दाखवत होते. कारण ऐकलं तर अगदी साधं: आतली बॅटरी शोधकाच्या जवळ बसवली होती आणि बाहेरून येणारे काही किरण तिच्यातच अडत होते. मापकाच्या पोटातच त्याची सावली होती. बॅटऱ्या हलवाव्या लागल्या. शिवाय लोकांनी हेही दाखवून दिलं की खांब उभारताना त्याच्या पायाशी जमीन साफ केली जाते, काँक्रीट घातलं जातं, त्यामुळे खांबाजवळचं वाचन खरं असूनही पलीकडच्या गटाराचं, पानगळ साचलेल्या कोपऱ्याचं, छपराच्या पन्हाळीखालच्या मातीचं ते सांगत नाही. दुर्घटनेत बाहेर पडलेलं किरणोत्सारी सीझियम पाण्याबरोबर वाहतं आणि मातीला चिकटतं. ते दोन हातांच्या अंतरात बदलू शकतं.

यावर दोन प्रकारे चिडता येतं. खांब खोटे आहेत म्हणून पाठ फिरवता येते, किंवा लोक उगाच संशयी आहेत म्हणून त्यांच्यावर रागावता येतं. तिसरी वाट काही लोकांनी काढली. दुर्घटनेच्याच मार्चमध्ये सेफकास्ट नावाचा स्वयंसेवकांचा गट उभा राहिला. त्यांनी गायगर मापक आणि जीपीएस एका पेटीत बसवलं, ती पेटी गाडीच्या खिडकीला लावली आणि रस्त्यारस्त्याने मोजत गेले. माहिती सगळ्यांना खुली ठेवली. खांब एका जागेचं सारा वेळ सांगतो. गाडी अनेक जागांचं एका वेळेचं सांगते. दोन्ही लागतात. सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा जिथे जुळले तिथे दोघांचीही पत वाढली.

याच्या आधीही असं झालं होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात 28 मार्च 1979 ला थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. पुढच्या वर्षी अणुभट्टीच्या इमारतीत साठलेला क्रिप्टॉन-85 वायू हवेत सोडायची वेळ आली तेव्हा आसपासच्या गावांचा कंपनीवर आणि शासनावर काडीचा भरवसा उरला नव्हता. मग 12 गावांतल्या सुमारे 50 नागरिकांना विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी किरणोत्सर्ग मोजायला शिकवलं. शिक्षक होते, गृहिणी होत्या, निवृत्त माणसं होती. जून-जुलै 1980 मध्ये वायू सोडला जात असताना त्यांनी आपापल्या गावात वाचनं घेतली आणि रोज लोकांना दिसतील अशी लावली. आकडे लहान आले. ते कंपनीने सांगितले असते तर कुणी मानले नसते. ज्याच्याकडून आपण रोज दूध घेतो, जी आपल्या मुलाला शिकवते, अशा माणसाने मोजले आणि लोकांना झोप लागली. भीती घालवायला आकडा लहान असून भागत नाही.

पुन्हा फुकुशिमा. इतक्या वर्षांत फलकावरचे आकडे उतरत गेले. यातही पाहण्यासारखं आहे. आयोडीन-131 चा अर्धायुकाल 8 दिवसांचा, ते काही महिन्यांत गेलं. सीझियम-134 चा 2 वर्षांचा आणि सुरुवातीच्या आकड्यात त्याचाच वाटा मोठा होता, म्हणून पहिल्या काही वर्षांत आकडा भराभर खाली आला. मागे राहिलं सीझियम-137. त्याचा अर्धायुकाल 30 वर्षांचा. माती काढली, पावसाने काही धुतलं, काही खोल मुरलं. पण आता उतार मंद आहे. हा मंदपणा मनात येऊ द्या. आपल्याला दु:खाचा काळ दिवसांत, फार तर वर्षांत मोजायची सवय असते. इथे एक द्रव्य आहे, ते माणसाच्या पिढीच्या मापाने अर्धं होतं, आणि त्याला घाईही करता येत नाही, उशीरही करता येत नाही.

2018 च्या मार्चमध्ये जपानच्या अणुनियमन प्राधिकरणाने ठरवलं की रिकामा केलेला भाग सोडून बाकीच्या ठिकाणचे सुमारे 2,400 खांब तीनेक वर्षांत काढायचे. पातळी खाली आली आहे, स्थिर आहे, देखभालीला पैसा लागतो. यात तथ्य होतं आणि ते मी नाकारणार नाही. शिवाय काहींना खरंच वाटत होतं की शाळेच्या दारात हा खांब असेपर्यंत बाहेरचे लोक आपल्या गावाकडे बोट दाखवत राहतील. तेही खोटं नव्हतं.

पण गावोगाव समजावणीच्या सभा झाल्या आणि लोकांनी, त्यांत आया पुढे होत्या, नको म्हटलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तिकडे केंद्रात वितळलेलं इंधन अजून तसंच आहे. ते काढायचं काम काही दशकं चालणार. उद्या काही झालं तर आम्हाला कसं कळणार? मागच्या वेळी कळलं नव्हतं. आकडा लहान आहे म्हणता, मग तो आम्हाला आमच्या डोळ्यांनी लहान दिसू द्या. काही नगरपालिकांनीही खांब ठेवा म्हणून कळवलं. 2019 च्या मे महिन्यात प्राधिकरणाने काढण्याचा बेत मागे घेतला.

मला हा निर्णय योग्य वाटतो आणि तो का योग्य वाटतो ते नीट सांगायला हवं. तज्ज्ञाला 0.1 हा आकडा दिसला की त्याचा प्रश्न मिटतो. त्याच जागी राहणाऱ्या आईचा प्रश्न तिथे मिटत नाही. तिला एक आकडा नको आहे, तिला रोजचा आकडा हवा आहे. ज्या मार्चमध्ये 24 पैकी 23 ठाणी मुकी झाली होती, त्या मार्चमध्ये ती तिथे होती. फलकावर आजही काही विशेष नाही, हे स्वतः येऊन पाहता येणं हा तिचा हक्क आहे, आणि तो खर्चाच्या रकान्यात मावत नाही. मोजणं कधी थांबवायचं हे ज्याला धोका सोसावा लागतो त्याला विचारून ठरवावं. त्याला विचारायला वेळ लागला, तरी विचारावं.

आपल्या देशातही पार्श्वभूमी किरणोत्सर्ग मोजला जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राचं मोजमाप ठाण्यांचं जाळं देशभर पसरलेलं आहे, आणि तारापूरला तर 1969 पासून वीजनिर्मिती चालू आहे. आपल्यातले कितीजण त्या दिशेने एकदा तरी पाहतात? मी हे दोष देण्यासाठी विचारत नाही. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात आकडा लहानच असणार. पण तो किती लहान आहे, हे आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकाला, ग्रामपंचायतीतल्या सदस्याला, दवाखान्यातल्या परिचारिकेला ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

शेवटी पुन्हा एकदा तुमच्या ओळखीची एखादी इमारत मनात आणा. जिल्हा परिषदेची शाळा, वाचनालय, सरकारी दवाखाना. तिच्या भिंतीचा दगड कोणता, आठवा. तिच्या आवारात पावसाचं पाणी कुठे साचतं, मुलं कुठे बसतात, ते आठवा. समजा, तिथे एक मापक लावायचा आहे आणि जागा तुम्ही ठरवणार आहात. किती उंचीवर लावाल? फलक कोणाला दिसेल असा ठेवाल? बॅटरी कोण बदलेल, दरवर्षी तपासणी करून घ्यायची आठवण कोण ठेवेल, आणि वहीत पहिला नेहमीचा आकडा कोण लिहील? फुकुशिमाच्या सीझियम-137 चं निम्मं विघटन 2041 च्या सुमारास पुरं होईल. 2011 साली पहिलीत असलेलं मूल तेव्हा पस्तिशी ओलांडून गेलेलं असेल आणि कदाचित त्याचं स्वतःचं मूल त्याच शाळेत जात असेल. तोवर त्या खांबाची बॅटरी कितीदा तरी बदलावी लागेल, शोधक तपासावा लागेल, जुना झालेला खांब उपटून नवा लावावा लागेल, आणि दरवर्षी कुणालातरी अंदाजपत्रकाच्या सभेत उठून त्यासाठी पैसे मागावे लागतील.